प्रवाशांची सुरक्षितता : कायदा कोणाला बांधतो?

(यशवंतपूर येथे रेल्वे कामगारांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)

८ फेब्रुवारी २०२३ रोजी यशवंतपूरहून हजरत निजामुद्दीनकडे निघालेली संपर्क क्रांती एक्सप्रेस म्हैसूर विभागातील होसदुर्ग रोड स्थानकातून पुढे निघाली. तिला द्यावयाचा मार्ग एक आणि सांधा वळलेला दुसरीकडे, अशी स्थिती होती. चालकाच्या ते लक्षात आले, त्याने गाडी थांबवली आणि अनर्थ टळला. दुसऱ्याच दिवशी दक्षिण-पश्चिम रेल्वेच्या प्रमुख परिचालन अधिकाऱ्याने लेखी इशारा दिला : यंत्रणेत गंभीर दोष आहेत, ते तातडीने दूर झाले नाहीत तर भीषण अपघात होतील.

चार महिनेही उलटले नाहीत. २ जून २०२३ रोजी ओडिशातील बाहानगा बाजार येथे कोरोमंडल एक्सप्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल मिळाला, सांधा मात्र लूप मार्गाकडे होता. गाडी उभ्या मालगाडीवर आदळली. घसरलेले डबे शेजारून जाणाऱ्या बंगळुरू–हावडा गाडीच्या मागील डब्यांवर आपटले. २९० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. दोन्ही घटनांची तांत्रिक कारणे एकच नव्हती. परंतु सिग्नल एक सांगतो आणि सांधा दुसरेच करतो, हा धोका दोन्हीकडे होता.

रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत दोष सिग्नलच्या जोडणीत आढळला : पूर्वी केलेल्या फेरफारात, आणि फाटकाचे अडसर बदलण्याच्या कामातही. १६ मे २०२२ रोजी याच खरगपूर विभागात बांकरानयाबाज येथे चुकीच्या जोडणीमुळे असाच प्रकार घडला होता. त्यानंतर सुधारणा झाली असती तर बाहानगाचा अपघात टळला असता, असे अहवाल सांगतो.

आता कायदा पाहा. १९८९ च्या रेल्वे अधिनियमाच्या कलम १२४ नुसार गाडीला अपघात झाल्यास कोणाची चूक होती हे सिद्ध न करताही प्रवाशाला भरपाई मिळते. कलम १२४-अ गाडीतून पडून झालेल्या मृत्यूलाही हे संरक्षण देते. १ जानेवारी २०१७ पासून मृत्यूची भरपाई ८ लाख रुपये आहे. मृताजवळ तिकीट सापडले नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या रीना देवी निकालात स्पष्ट केले. हे हक्क मोलाचे आहेत. प्रत्येक कार्यकर्त्याने ते पाठ केले पाहिजेत.

पण भरपाई मृत्यूनंतर येते. मृत्यू टाळण्याच्या कर्तव्याचे काय? कर्तव्यावर असताना नियम मोडून प्रवाशांचा जीव धोक्यात घालणाऱ्या कर्मचाऱ्याला कलम १७५ खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बाहानगानंतर सीबीआयने सिग्नल विभागातील तिघा कर्मचाऱ्यांना अटक केली. त्यांचा दोष न्यायालय ठरवील. कामगाराच्या हलगर्जीवर पांघरूण घालणे ही कामगार चळवळीची भूमिका नव्हे. प्रश्न असा की, ज्यांच्या हाती पैसा, नेमणुका आणि आदेश आहेत, ते इशारे दुर्लक्षित करतात तेव्हा त्यांना कोणते कलम लागते?

पैशाचाच हिशेब घ्या. राष्ट्रीय रेल संरक्षा कोशात रेल्वेने दरवर्षी स्वतःच्या उत्पन्नातून ५,००० कोटी रुपये घालावयाचे होते. महालेखापरीक्षकांच्या २०२२ च्या अहवालानुसार चार वर्षांच्या २०,००० कोटींपैकी १५,७७५ कोटी घातलेच गेले नाहीत.

१७ जून २०२४ रोजी कांचनजंगा एक्सप्रेसला मालगाडीने मागून धडक दिली, तेव्हा रेल्वे बोर्डाने त्याच दिवशी मालगाडीच्या चालकाकडे बोट दाखवले. सुरक्षा आयुक्तांनी मात्र स्वयंचलित सिग्नल बिघडल्यावर गाड्या चालवण्याच्या व्यवस्थेतील त्रुटी आणि चालकांना न मिळालेले पुरेसे मार्गदर्शन पुढे आणले.

सुरक्षा आयोग रेल्वेऐवजी नागरी विमान वाहतूक खात्याच्या कक्षेत आहे. तपासणाऱ्याने तपासल्या जाणाऱ्याचा चाकर असू नये, हे तत्त्व योग्यच आहे. ते पुरे करावयाचे तर आयोगाच्या शिफारशी बंधनकारक हव्यात, अहवाल जनतेपुढे यावेत, सुरक्षेच्या रिक्त जागा भराव्यात आणि धोका कळवणाऱ्या कामगाराला शिक्षेपासून संरक्षण मिळावे.

मित्रहो, होसदुर्गला गाडी थांबवणारा हात एका कामगाराचा होता. तो हात प्रत्येक वेळी वेळेवर पोहोचेलच असे नाही. म्हणूनच प्रवासी आणि कामगार यांनी या मागण्यांसाठी एकत्र उभे राहिले पाहिजे. कारण एकाच गाडीच्या इंजिनात एक असतो आणि डब्यात दुसरा.