हिशेबाची विद्या

मुलगा किंवा मुलगी शालान्त परीक्षा उतरली की सुशिक्षित घरांत एक प्रश्न हटकून निघतो. बँकेत, विमा कंपनीत किंवा सरकारच्या अर्थखात्यात जावयाचे तर कोणती शाखा घ्यावी? मी स्वतः मॅट्रिकपर्यंतच शिकलो; परंतु गणिताचा शिक्षक असल्यामुळे पालक हा प्रश्न माझ्याकडे नेहमी घेऊन येत. त्याचे उत्तर तीन थोर पुरुषांच्या शिक्षणक्रमात सापडते, असे मला वाटते.

पहिले चिंतामणराव देशमुख. १९१२ साली मॅट्रिकला ते मुंबई विश्वविद्यालयात पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. केंब्रिजला त्यांनी अभ्यास केला तो वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र व भूगर्भशास्त्र यांचा. असा हा विद्यार्थी १९४३ साली रिझर्व्ह बँकेचा पहिला हिंदी गव्हर्नर झाला व १९५० ते १९५६ पर्यंत देशाचा अर्थमंत्री होता. त्यांच्या उदाहरणावरून एवढे निश्चित दिसते की, कोणताही एक विषय तळापर्यंत शिकलेली बुद्धी पैशाच्या व्यवहारातही परकी राहत नाही.

दुसरे धनंजयराव गाडगीळ. हे मात्र अर्थशास्त्राचेच पंडित. केंब्रिजला असताना लिहिलेला हिंदुस्थानच्या औद्योगिक उत्क्रांतीवरील त्यांचा ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. १९३० पासून पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेची धुरा त्यांनी वाहिली. शेतीस भांडवल कसे पुरवावे याचा विचार करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते. तिचा अहवाल १९४५ साली निघाला. परंतु त्यांची विद्या अहवालात बंद राहिली नाही. ती आपल्या जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी, लोणीस आली.

आपल्या जिल्ह्यास या विद्येची गरज फार जुनी आहे. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांतील कुणब्यांनी सावकारांवर उठाव केला, तेव्हा त्यांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. हाती लागले तितके रोखे त्यांनी जाळले. पुढे १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. परंतु कागद जाळल्याने कागद वाचता येत नाही. दरमहा शेकडा दोन या दराने घेतलेले शंभर रुपये तीन वर्षांनी सरळव्याजाने १७२ होतात. तेच व्याज दरसाल मुद्दलात मिळविले तर १९० च्या वर जातात. हा फरक ज्यास कळत नाही, त्याची जमीन जावयास वेळ लागत नाही.

हे ज्यांनी जाणले ते तिसरे पुरुष म्हणजे लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील. शाळा त्यांना थोडीच लाभली होती. तरी १९२३ साली त्यांनी गावात सहकारी पतपेढी काढली. पुढे साखर कारखान्याचा विचार निघाला, तेव्हा गावोगाव हिंडून त्यांनी शेतकऱ्यांचे भाग जमविले. त्या कारखान्याचे पहिले अध्यक्ष गाडगीळ झाले आणि १९५०-५१ च्या सुमारास गाळप सुरू झाले. केंब्रिजचा पंडित व चार इयत्तांचा शेतकरी एका जमाखर्चाच्या वहीसमोर बसले. एकाजवळ शास्त्र होते, दुसऱ्याजवळ लोकांचा विश्वास; यांपैकी एकच असते तर तो कारखाना उभा राहता ना.

तेव्हा पालकहो, शाखा कोणतीही असो, ती मुलाने मनापासून व कसून शिकावी. मात्र दोन गोष्टी तीत अवश्य मिळवाव्या. व्याजाचे गणित यंत्राकडे न सोपविता स्वतः मांडता यावे, आणि ज्याचा पैसा आपण हाताळणार तो मनुष्य कसा जगतो हे पाहिलेले असावे. परीक्षा सोपी आहे. घरात घेतलेल्या एखाद्या कर्जाचा कागद मुलाच्या हाती द्यावा व आजीला तो समजावून सांगावयास सांगावे. आजीने मान डोलावून एक शंका विचारली आणि तिचेही त्याने नीट समाधान केले, तर त्याची वाट योग्य दिशेने चालली आहे असे खुशाल समजावे.