समालोचकाचा पगार आणि लेखणीचे मौन

(वाशीम येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



सोयाबीनचा भाव आणि रोजगार हमीची थकलेली मजुरी यांची चर्चा चालू असता क्रीडापत्रकारितेचा विषय कशासाठी, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. परंतु आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या प्रक्षेपणाचे हक्क २०२२ साली ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. एवढा पैसा जेथे फिरतो, तेथे पहारा करणाऱ्या लेखणीला पगार कोण देतो, हा प्रश्न अर्थकारणाचा आहे आणि म्हणूनच राजकारणाचाही आहे.

वृत्तपत्रात खेळावर लिहिणारा मनुष्य चित्रवाणीवर समालोचन करतो, खेळाडूचे आत्मचरित्र लिहून देतो, एखाद्या संघाची प्रसिद्धी सांभाळतो. कष्टाने चार पैसे अधिक मिळविण्यात गैर काही नाही. गैर तेव्हा घडते, जेव्हा ज्याच्यावर लिहायचे त्याच्याकडूनच मोबदला येतो आणि वाचकाला त्याचा पत्ता नसतो.

भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने देशातील सामन्यांच्या प्रक्षेपणाची निर्मिती स्वतःकडे घेतली आणि समालोचक मंडळाशी करारबद्ध झाले. मुंबईच्या मैदानांनी घडविलेले सुनील गावसकर व रवी शास्त्री हे २००८ साली आयपीएलच्या नियामक परिषदेत होते. दोघेही समालोचन करीत आणि वृत्तपत्रांतून स्तंभही लिहीत. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या प्रशासक समितीतून इतिहासकार रामचंद्र गुहा २०१७ साली बाहेर पडले, तेव्हा त्यांनी आपल्या पत्रात याच गोष्टीवर बोट ठेवले. गावसकर हे मंडळाचे समालोचक आहेत आणि खेळाडूंचे व्यवहार पाहणाऱ्या कंपनीचे प्रमुखही आहेत, असा त्यांचा आक्षेप होता. गावसकरांच्या सचोटीवर येथे निकाल द्यावयाचा नाही. त्यांच्या लेखातील प्रत्येक शब्द खरा असेल. परंतु तो शब्द कोणत्या नात्यातून आला, हे जाणण्याचा वाचकाचा हक्क उरतोच.

या व्यवस्थेत असत्यापेक्षा मौनाने अधिक हानी होते. असत्य कधीतरी उघडकीस येते. न लिहिलेल्या मजकुराचा हिशेब कोणालाच मागता येत नाही. मंडळाचा कारभार, संघनिवड आणि पंचांच्या निर्णयांची फेरतपासणी यांवर बोलायचे नाही, अशी अट कळताच इयान चॅपेल यांनी २०१३ साली भारतातील समालोचनाचे काम नाकारले. त्यांना ते परवडले, कारण त्यांची भाकरी अन्यत्रही भाजत होती. हर्षा भोगले यांना २०१६ च्या आयपीएलच्या तोंडावर वगळण्यात आले. संजय मांजरेकर यांना २०२० च्या मार्चमध्ये मंडळाच्या समालोचकांतून वगळले गेले, आणि पुढे काही महिन्यांतच मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे काम करण्याची तयारी त्यांनी पत्राने कळविली.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. बाजारात विकणारे अनेक आणि विकत घेणारा एकच असला, की भाव तोच ठरवितो. कापसाच्या बाबतीत हे आपण भोगलेले आहे. क्रिकेटविषयी बोलणाऱ्या आवाजाचा मोठा ग्राहक एकच आहे. त्याने दार लावले की जावे कोठे? धाडस हा स्वभावाचा गुण खरा. परंतु त्याला दुसऱ्या चुलीचा आधार लागतो. न्यायमूर्ती लोढा समितीने २०१६ च्या जानेवारीत दिलेल्या अहवालात हितसंबंधांच्या संघर्षाविषयी नियम सुचविले. ते मंडळाशी संबंधित असलेल्यांसाठी आहेत. वृत्तपत्राचे कार्यालय त्यांच्या कक्षेत येत नाही.

आता मुंबईहून आपल्या सहा तालुक्यांकडे या. येथे निराळा क्रीडापत्रकार कोठला? पीक, पाऊस, गुन्हे आणि कबड्डी यांवर एकच वार्ताहर लिहितो. त्याला मिळते ते तुटपुंजे मानधन आणि जाहिरातींवरील कमिशन. मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी सरकारने २०११ साली अधिसूचित केल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली त्या वैध ठरविल्या. तालुक्याच्या वार्ताहराच्या खिशापर्यंत त्या फारशा पोहोचल्या नाहीत. मग एखाद्या पुढाऱ्याच्या नावाने भरलेल्या कबड्डी स्पर्धेत किंवा शंकरपटात तोच वार्ताहर ध्वनिक्षेपकावर निवेदन करतो, स्मरणिका छापून देतो आणि रात्री बातमीही पाठवितो. त्या बातमीत बक्षिसाची रक्कम येते, पुढाऱ्याचे नाव येते. बक्षिसाचा पैसा आला कोठून, जखमी खेळाडूच्या उपचाराचा खर्च कोणी केला, मुलींना सरावासाठी मैदान का नाही, हे येत नाही. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, ही म्हण त्याला शिकवावी लागत नाही. त्याच्या घरचा हिशेबच ती शिकवितो.

म्हणून केवळ वार्ताहराला बोल लावून आपण मोकळे होऊ शकत नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर महाराष्ट्रात काहूर उठले, ते योग्यच होते. परंतु मतदानाचा महिना संपला म्हणजे मिंधेपणा संपत नाही. मैदानावर तो बाराही महिने चालतो, आणि त्याला कोणी लाचही म्हणत नाही.

माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, लेखकाचे संबंधित संस्थेशी आर्थिक नाते असेल तर लेखाखाली एका ओळीत ते छापले जावे; ही मागणी आपण संपादकांकडे लेखी करावी. दुसरी, वार्ताहरांच्या वेतनाचा लढा हा कामगारांचाच लढा समजून त्यांच्या संघटनेमागे उभे राहावे. पुरेसे वेतन मिळाल्यावाचून निर्भीडपणाचा उपदेश करणे हे उपाशी माणसाला पथ्य सांगण्यासारखे आहे. तिसरी सूचना आपल्यासाठी आहे आणि तीच सर्वांत अवघड आहे. आपल्या स्पर्धा, आपले मेळावे यांसाठी वार्ताहराला पाकीट देऊ नये. निवेदन करून घ्यायचे असेल तर ते दुसऱ्याकडून करून घ्यावे. त्यामुळे आपली बातमी दोन ओळींची येईल, कदाचित येणारही नाही. तो तोटा सोसण्याची तयारी असेल तरच दुसऱ्यांच्या पाकिटांविषयी बोलण्याचा अधिकार आपल्याला राहील.