रंगाचा दुसरा हात



अलिबागचा कुलाबा किल्ला तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. ओहोटी लागली की चालतच जाता येते. तिथे तटावर, चाकांच्या गाड्यांवर बसवलेल्या दोन इंग्रजी तोफा आहेत. 1849 साली इंग्लंडात, यॉर्कशायरमधल्या लो मूर येथील कारखान्यात त्या ओतल्या. पावणेदोनशे वर्षे त्या खारा वारा खात उभ्या आहेत. एकदा आमच्या सहलीत एका मुलाने विचारले, "सर, तोफ अजून उभी आहे, मग आमच्या बाबांची गाडी सात वर्षांत कशी कुजली?"

प्रश्न अगदी रास्त होता. तोफ म्हणजे बोटे-बोटे जाडीचे ओतीव लोखंड. वरचा थर गंजला तरी आत पुष्कळ शिल्लक राहते. मोटारीचा पत्रा एक मिलिमीटरहूनही पातळ. तोफेला गंज परवडतो, गाडीला परवडत नाही.

आपल्या किनाऱ्यावर आता मोटारी थोड्याथोडक्या नाहीत. 2020 सालापासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोटीतून गाड्या थेट उतरू लागल्या. पण पाहुण्यांची गाडी दोन दिवसांनी परत जाते; आपली बारा महिने इथेच असते. कुणाची मिनिडोर, कुणाचा मासळीचा टेंपो, कुणाची कर्जावर घेतलेली स्कूटर. पत्रा गेला की पोटावरच येते. म्हणून आज त्या पत्र्यावरच्या रंगाविषयी, आणि रंगावर चढवायच्या संरक्षक आवरणाविषयी, म्हणजे सीलंटविषयी, चार गोष्टी सांगतो.

मी भाषा शिकवणारा माणूस. हे ज्ञान मला पुस्तकातून मिळाले नाही, फजितीतून मिळाले. काही वर्षांपूर्वी मी एक जुनी मोटार घेतली. रविवारी मुलांना घेऊन समुद्रावर गेलो, गाडी थेट वाळूत उतरवली. घरी आल्यावर कोरड्या फडक्याने पुसली आणि बाजारातून आणलेला सीलंट लावला. चकाकी कमी वाटली, म्हणून लगेच दुसरा हात दिला, मग तिसरा. गाडी आरशासारखी दिसू लागली! पावसाळा संपला आणि दरवाजाच्या खालच्या कडेला रंगाला फोड आले. गॅरेजवाल्याने तिथे स्क्रूड्रायव्हर टेकवला, तो आरपार गेला. दाराच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक भोके असतात. ती वाळूने बुजली होती. खारे पाणी आत साठले आणि पत्रा आतून खाल्ला गेला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! दोन महिन्यांची बचत त्या दारात गेली.

माझे शेजारी कोळी आहेत. ते हसून म्हणाले, "मास्तर, होडीला आम्ही तेल पाजतो ते आधी तिला सुकवून. ओल्या लाकडाला तेल पाजलंत तर ओल आत कोंडते." पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा होड्या वर ओढतात, खरवडतात, गोड्या पाण्याने धुतात, फटींत कापूस ठोसतात, आणि मगच तेल, राळ किंवा रंग. आता पुष्कळ होड्यांना फायबरचे आवरण आले, तरी क्रम तोच राहिला.

गंजाला तीन गोष्टी लागतात: लोखंड, हवा आणि पाणी. मीठ पाण्यात विरघळले की त्यातून वीज सहज वाहते आणि गंजाचे काम झपाट्याने चालते. शिवाय मीठ हवेतली ओल ओढून घेते. म्हणून पाऊस नसतानाही गाडी ओलसर राहते. कारखान्यात पत्र्यावर अस्तर, रंग आणि वर पारदर्शक थर असे थर दिलेले असतात. हे सारे मिळून केसाच्या जाडीच्या दीड-दोन पट भरतील, जास्त नाही. सीलंटचा थर तर त्याहून कितीतरी पातळ. तो ऊन, मीठ आणि पक्ष्यांची विष्ठा यांच्यापासून वरच्या थराला जपतो. पडलेला ओरखडा तो भरून काढत नाही, आणि गाडीच्या पोटाखाली तो पोचतही नाही.

मग दुसरा हात द्यावा की नाही? जरूर द्यावा. त्याने जाडी फारशी वाढत नाही. पहिल्या वेळी सुटलेल्या जागा झाकल्या जातात. मात्र पहिला हात पुरता सुकू द्यावा. डब्यावर जितका वेळ लिहिला असेल तितका थांबावे. काहींना काही तास लागतात, काहींना एक दिवस. घाई केली तर दुसऱ्या हातातले द्रावण पहिलाच थर पुसून काढते. माझे तेच झाले. तिसऱ्या-चौथ्या हाताने पैसे जातात, लाभ थोडाच.

काम असे करा. आधी गाडी गोड्या पाण्याने धुवा. खालून, चाकांच्या कमानीतूनही. दाराची भोके काडीने मोकळी करा. जिथे रंग उडून पत्रा दिसतो तिथे गंज घासून काढा, अस्तर व रंग लावा. गाडी सावलीत पुरती सुकू द्या. मग पातळ हात, थांबणे, पुन्हा पातळ हात. पुढे पाण्याचे थेंब मोत्यासारखे न राहता पसरू लागले की समजावे, आवरण झिजले.

शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गात हा प्रयोग करून पाहा. तीन खिळे घ्या. एक तसाच ठेवा. दुसरा स्वच्छ, कोरडा करून रंगवा. तिसरा मिठाच्या पाण्यात बुडवून, पुरता न सुकवताच, रंगवा. तिन्ही ओल्या कापसात ठेवा आणि मुलांना रोज नोंद करू द्या. रंग दोघांना सारखाच दिलेला असतो. कोणता खिळा आधी फुगतो ते मुलेच तुम्हांला सांगतील.

माझ्या गाडीचे ते दार बदलावे लागले. आता समुद्रावरून आलो की मी आधी नळाखालची बादली भरतो. सीलंटची बाटली कपाटात आहे. तिची पाळी नंतर.