हिरवी गोळी आणि आपली कातडी

आपल्या भंडारा जिल्ह्यात रोवणी आटोपली म्हणजे बाया आपापले पाय पाहू लागतात. कित्येक दिवस बांधीच्या चिखलात वाकून पऱ्हे रोवलेले असतात. बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून सोलवटलेल्या, टाचांना भेगा, हात खरखरीत. अलीकडे यावर एक उपाय गावोगाव पोचला आहे. औषधाच्या दुकानात तेल भरलेली हिरवी गोळी मिळते. ती टोचायची आणि आतले तेल टाचेला, चेहऱ्याला, डागाला चोळायचे. तिच्यात ‘ई’ जीवनसत्त्व असते एवढे आता सर्वांना ठाऊक झाले आहे. ते कातडीत काय करते आणि काय करीत नाही, तेवढे आज सांगावे म्हणतो.

गंमत अशी की, या जीवनसत्त्वाचा शोध कातडीपायी लागलाच नाही. १९२२ साली अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठात हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरिन बिशप हे उंदरांना ठराविक शुद्ध केलेले अन्न देत होते. उंदीर वाढत, पण त्यांच्या माद्यांना पिले होत नसत. हिरवा पाला किंवा गव्हाचा अंकुर खायला दिला की पिले होऊ लागत. म्हणून पुढे त्या द्रव्याला टोकोफेरॉल हे ग्रीक नाव मिळाले; अर्थ असा की, अपत्यजन्म घडवून आणणारे.

आता त्याचे काम. जवसाचे तेल आपल्या घरांना नवे नाही. बांधीत धान उभे असतानाच उतेऱ्याने जवस टाकणारे शेतकरी आपल्यात आहेत. हे तेल उघड्या भांड्यात उन्हात ठेवून पाहा, लवकरच खवट होते. हवा आणि ऊन मिळून तेल नासवतात. आपल्या कातडीतही स्निग्ध पदार्थ आहेत आणि तिच्यावरही ऊन-वारा असतोच. तेथे ‘ई’ जीवनसत्त्व राखणदारासारखे उभे असते; तेलावर येणारा घाव ते स्वतःवर घेते. घाव घेऊन ते निकामी झाले की त्याला पुन्हा उभे करण्यास ‘क’ जीवनसत्त्व मदत करते, म्हणजे आपला आवळा, लिंबू, पेरू. कातडीतल्या तेलग्रंथी हे ‘ई’ रक्तातून उचलून वर आणतात, आणि रक्तात ते येते जेवणातून. वाट ही अशी ताटातून आहे.

मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे १५ मिलिग्राम पुरेसे, असे अमेरिकेतील तज्ज्ञांनी ठरवले आहे. मूठभर, म्हणजे ३० ग्राम भुईमुगाच्या दाण्यांत त्यातले अडीच मिलिग्रामच्या आसपास मिळते. सूर्यफुलाच्या एक मोठा चमचा तेलात साडेपाचच्या जवळपास. आणि आपल्या धानाच्या कोंड्यात ते चांगलेच असते! गिरणीत तांदूळ पांढराशुभ्र करून घेतला की ते कोंड्याबरोबर जाते. म्हणून कोणी कोंडाच खायला लागू नये, तो फार लवकर खवटतो. कारखान्यात शुद्ध केलेले कोंड्याचे तेल मात्र स्वयंपाकाला चांगले. कमी पॉलिशचा तांदूळ खावा, पण त्यातूनच सारी गरज भागेल असे समजू नये. खरे सांगायचे तर, रोज थोडे तेल, धान्य, भाजी पोटात जाणाऱ्या माणसाला ‘ई’ची मोठी उणीव क्वचितच होते. ज्यांना स्निग्ध पचतच नाही अशा रोग्यांत आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांत ती दिसते. तेव्हा टाच फुटली ती ‘ई’ कमी पडले म्हणून नव्हे. पाणी, चिखल आणि अनवाणी चालणे यांमुळे.

मग चोळल्याने काही होते का? तेल चोळल्याने जे होते ते होते. कातडी मऊ पडते, आणि ते काम खोबरेलही करते, तिळाचे तेलही करते. रात्री पाय कोमट पाण्याने धुवावे, पुसावे, टाचेला तेल लावावे आणि जुने सुती फडके गुंडाळावे. बोटांच्या बेचक्यांत मात्र तेल घालू नये. तेथे ओल हाच शत्रू. कोरडे ठेवावे, खाज राहिली तर दवाखाना गाठावा. मधुमेह असलेल्याने टाचेची भेग घरी कोरू नये. जखमेच्या वणाविषयी म्हणाल तर अमेरिकेत मायामी येथे थोड्या रोग्यांवर केलेली एक परीक्षा १९९९ साली प्रसिद्ध झाली. एकाच वणाच्या अर्ध्या भागाला नुसते मलम आणि अर्ध्याला ‘ई’ घातलेले मलम लावले. दहापैकी नऊ वेळा ‘ई’चा फायदा दिसला नाही किंवा वण अधिकच वाईट दिसला, आणि तीनांतल्या एकाच्या अंगावर पुरळ उठले.

हे सारे पैशाचे नुकसान झाले. ते सोसता येते. पण मला खरी काळजी आहे ती दुसऱ्याच एका चट्ट्याची, आणि येथे शिक्षक बंधुभगिनींनी कान द्यावा. कुष्ठरोग आपल्या पूर्व विदर्भातून अजून गेलेला नाही. त्याचा पहिला चट्टा फिका किंवा लालसर असतो. तो दुखत नाही, खाजत नाही. म्हणूनच घरचे लोक त्यावर गोळीतले तेल चोळत महिने काढतात. तेवढ्यात आतली शीर निकामी होते आणि बोटे वाकू लागतात. मुलाला डोळे मिटायला सांगून कापसाची वात चट्ट्याला हळूच लावावी आणि कोठे लागले ते बोटाने दाखव म्हणावे. दाखवता आले नाही तर आरोग्य केंद्रात पाठवावे. चेहऱ्यावरच्या चट्ट्याला ही परीक्षा फसते, तेव्हा तेथे संशय आला की सरळ डॉक्टरांना दाखवावे. मुलांच्या गालावरचे बरेच पांढुरके डाग साधे असतात, हेही आईबापांना सांगावे. औषध सरकारी केंद्रात फुकट मिळते. रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा महिने किंवा वर्षभर घ्यावे लागते, आणि रोग बरा होतो.

आणि गुरुजी, ही वातीची परीक्षा वर्गासमोर करू नका. मधल्या सुट्टीत मुलाला बाजूला घ्या, आणि रोगाचे नाव डॉक्टरांनाच घेऊ द्या.