स्क्रीनशॉट काढा, पण मूळ मेसेज पुसू नका

फोनची दोन बटणं एकदम दाबून पडद्याचा फोटो कसा काढायचा, हे तुम्हा सगळ्यांना येतं. त्यात मी वेळ घालवत नाही. मला बोलायचंय ते त्यानंतरच्या एका सवयीबद्दल. धमकीचा मेसेज आला, उसन्या पैशांची कबुली आली, घरमालकांनी डिपॉझिट परत द्यायची तारीख लिहून पाठवली, की आपण स्क्रीनशॉट काढतो आणि निर्धास्त होतो. मग फोन भरला म्हणून, नाहीतर ते पुन्हा डोळ्यांसमोर नको म्हणून, मूळ संभाषण पुसून टाकतो. असं करू नका हो! स्क्रीनशॉट जरूर काढा, पण मूळ मेसेज फोनमध्ये राहू द्या.

स्क्रीनशॉट म्हणजे जास्वंदीचं खुडलेलं फूल. रंग तोच, पाकळ्या त्याच. पण ते कुणाच्या अंगणातलं आणि कधी उमललं, हे नुसत्या फुलावरून कळत नाही. मेसेज फोनमध्ये असतो तेव्हा त्याला मुळं असतात: पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख, वेळ, मागचंपुढचं सगळं बोलणं. स्क्रीनशॉट घेताना फोन पडद्यावरचे रंगीत ठिपके तेवढे उचलतो, मुळं जागच्या जागी राहतात. तुमच्याकडचाच एखादा स्क्रीनशॉट उघडून नीट बघा. वर नाव दिसतं ते तुम्ही स्वतः सेव्ह केलेलं. कुठलाही नंबर कुठल्याही नावानं सेव्ह करता येतो. मेसेजशेजारी वेळ असते नऊ बेचाळीस, आणि तारखेच्या जागी व्हॉट्सअ‍ॅपनं लिहिलेलं असतं ‘आज’. हा ‘आज’ कोणत्या दिवसाचा, कोणत्या वर्षाचा? चित्रात त्याचं उत्तर नाही. शिवाय हुबेहूब कागदी फूलही करता येतं. कॉम्प्युटरवर उघडलेल्या वेबपेजची अक्षरं आपल्यापुरती बदलून त्याचा स्क्रीनशॉट घ्यायला शाळकरी पोरालाही फार वेळ लागत नाही. म्हणून समोरचा माणूस ‘हे खोटं आहे’ एवढंच म्हणाला, तरी तुमचं खरं फूल आणि कुणाचंही कागदी फूल एका परडीत येऊन बसतात.

कायदा याकडे कसा बघतो, ते आपल्या जालन्याच्याच एका खटल्यातून कळतं. 2014च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीत भरले गेले की नाहीत, हा वाद निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रीकरणावर येऊन ठेपला. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल हा तो खटला. सर्वोच्च न्यायालयानं 14 जुलै 2020 रोजी निकाल दिला, की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुरावा म्हणून द्यायची तर सोबत कायद्यानं सांगितलेलं प्रमाणपत्र हवं. पण मूळ उपकरणच, म्हणजे लॅपटॉप किंवा अगदी मोबाइलसुद्धा, त्याच्या मालकानं साक्षीला उभं राहून हजर केलं, तर त्या प्रमाणपत्राची गरज नाही, असंही त्याच निकालात आहे. बघा, न्यायालयसुद्धा झाडाला किती मान देतं! 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम 63च्या प्रमाणपत्रात आता फाइलचा ‘हॅश’ही लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाइलमधून गणितानं काढलेली खूण. चित्राचा एक ठिपका बदलला तरी ती बदलते. म्हणजे स्क्रीनशॉटवर लाल गोल काढलात, कडा कापल्यात, की ती दुसरी फाइल झाली. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पुढे पाठवलात तरी तेच, कारण पाठवताना तो दाबून लहान केला जातो. वकिलांना किंवा पोलिसांना पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

यावर कुणी म्हणेल, मेसेज पाठवणाराच तो ‘सर्वांसाठी डिलीट’ करतो, मग मूळ ठेवायचं कसं? अगदी रास्त शंका आहे. अशा वेळी स्क्रीनशॉट हाच आधार, आणि म्हणूनच तो तातडीनं काढा असं मीही म्हणते. पण मग तो अर्धवट काढू नका. नावावर बोट ठेवून नंबर उघडा, त्याचाही फोटो घ्या. त्याहून बरं म्हणजे स्क्रीन रेकॉर्डिंग. आयफोनवर ही सोय 2017 पासून आहे, अँड्रॉइडमध्ये 2020च्या अकराव्या आवृत्तीपासून. नंबरापासून सुरुवात करून संभाषण सावकाश सरकवत नेलं, तर निदान फांदीसकट फूल हाती लागतं. आणि चॅटचा बॅकअप घेतलात, तर जास्वंदीची फांदी दुसऱ्या कुंडीत लावल्यासारखं होतं, ती तिथे मूळ धरते. खुडलेलं फूल कितीही पाण्यात ठेवा, त्याला मुळं फुटत नाहीत.

दुसरा आक्षेप असा, की आम्ही साधी माणसं, कोर्टाची पायरी कशाला चढतोय? मग दुकानाच्या गल्ल्यावर काय होतं ते पाहा. गिऱ्हाईक ‘पैसे पाठवले’ म्हणत हिरव्या खुणेचा पडदा दाखवतं, आणि दुकानदार माल देऊन मोकळा होतो. तो पडदा कालचा असू शकतो, दुसऱ्याच कुणाचा असू शकतो, बनावट अ‍ॅपचाही असू शकतो. इथे मूळ म्हणजे तुमच्या खात्यातली जमा. बारा आकडी व्यवहार क्रमांक आपल्या बँकेच्या नोंदीशी जुळतो का, ते बघायला अर्धं मिनिट पुरतं. सोसायटीच्या ग्रुपवर मेंटेनन्स भरल्याचे स्क्रीनशॉट टाकले जातात, तिथेही खजिनदारांनी पावती फाडायची ती पासबुक बघूनच. यात भरणाऱ्यावर अविश्वास दाखवल्यासारखं काही नाही.

आणखी एक गोष्ट राहिली. बँकेच्या अ‍ॅपमध्ये स्क्रीनशॉट घेता येत नाही, रेकॉर्डिंग केलं तर काळा पडदा येतो, म्हणून पुष्कळ जण चिडतात. ती अडवणूक मुद्दाम ठेवलेली आहे. मागून कुणी तुमचा पडदा टिपत असेल, तर त्यालाही काळंच दिसावं म्हणून. ‘मदत करतो, हे अ‍ॅप टाका, पडदा मला दिसू द्या’ असं सांगणारे फोन येतात त्यांच्याबद्दलही बोलायचं होतं, पण घड्याळ पुढे जाऊ देत नाही. तसा फोन आला तर तो तिथेच ठेवा. पैसे गेलेच असतील तर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर लगेच कळवा, आणि तो मेसेज, तो कॉलचा नंबर फोनमधून पुसू नका.