सेवा हा सौदा नाही
(येडशी येथे, पारधी वस्त्यांत काम करणाऱ्या स्वयंसेवकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



येडशीहून जवळच असलेल्या धाराशिवला 10 ते 12 जानेवारी 2020 या दिवसांत 93वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ख्रिस्ती धर्मगुरूला हा मान प्रथमच मिळत होता. निवड जाहीर होताच काही संघटनांनी विरोध सुरू केला. 'सुबोध बायबल' मराठीत आणणारा, हरित वसईसाठी झुंजलेला लेखक त्यांना दिसला नाही. दिसला तो फक्त झगा.

फादर आले, धर्मगुरू म्हणूनच आले, आणि व्यासपीठावरून विचारस्वातंत्र्याबद्दल निर्भीडपणे बोलले. 2024 मध्ये ते देवाघरी गेले. श्रद्धा लपवायची नाही आणि लादायचीही नाही, हा त्यांचा धडा मात्र आपल्या कामाला आजही लागू आहे.

कारण वस्तीवर आपली दोन्हीकडून ओढाताण होते. एक गट म्हणतो, तुमची वही-पाटी म्हणजे आमिष. दुसरे, आपल्याच बाजूचे वाटणारे मित्र म्हणतात, काम चांगले आहे, पण तो देव तेवढा घरी ठेवा. पहिल्याला आपल्या सेवेत कट दिसतो, दुसऱ्याला आपली प्रार्थना अडचणीची वाटते.

या ओढाताणीची किंमत कोण मोजतो? एका पारधी आईने मला विचारले, "फादर, मी प्रार्थनेला बसले तर पोराचा जातीचा दाखला जाईल का?" 1871च्या कायद्याने इंग्रजांनी ज्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांतलीच ही माणसे. तो कायदा 1952 मध्ये गेला, पण लोकांच्या नजरेतला शिक्का गेला नाही. अशा घरात तो दाखला म्हणजे आश्रमशाळा, वसतिगृह, शिष्यवृत्ती.

तिला द्यायचे उत्तर आपल्या प्रत्येकाला पाठ हवे. अनुसूचित जातींसाठीच्या 1950च्या आदेशात धर्माची अट आहे. म्हणून दलित ख्रिस्ती बांधव आजही त्या सवलतींबाहेर आहेत. अनुसूचित जमातींच्या आदेशात तशी अट नाही. केवळ धर्म बदलला म्हणून आदिवासीपण जात नाही. धर्मांतरितांना यादीतून वगळा अशी मागणी होत असते, पण मागणी म्हणजे कायदा नव्हे. आणि आपल्या श्रद्धेप्रमाणे वागण्याचा हक्क संविधानाच्या 25व्या कलमाने प्रत्येकाला दिला आहे. त्या माउलीलाही, आणि प्रार्थनेला न येणाऱ्या तिच्या जावेलाही.

आपल्या ख्रिस्तसभेची शिकवणही हेच सांगते. श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही सक्ती नको, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये जाहीर केले. सेवाकार्य हे लोकांना आपल्या धर्मात ओढण्याचे साधन नव्हे, हे पोप बेनेडिक्ट यांनी 2005च्या आपल्या पहिल्या विश्वपत्रात स्पष्ट केले. जखमी वाटसरूला उचलताना त्या शोमरोनी माणसाने त्याचा धर्म विचारला नव्हता. तरीही त्याची दया देवापासून वेगळी नव्हती.

म्हणून तीन गोष्टी सांभाळा. मदतीच्या यादीत धर्माचा रकाना नको. आपल्या गाडीवर, आपल्या मंडपात कोणत्याही पक्षाचा झेंडा नको. आज सत्तेत असलेल्यांचा नको, तसा उद्या येऊ पाहणाऱ्यांचाही नको. आणि कोणी विचारले की तुम्ही हे का करता, तर खाली मान घालू नका. प्रभू येशूमुळे करतो, असे सरळ सांगा.

आपल्या वर्गणीतून आणि प्रार्थनेतून हे काम चालते. त्या आईच्या मुलाचा शाळेतला प्रवेश झाला आहे. ती प्रार्थनेला येते की नाही, हे आम्ही कोणत्याही वहीत लिहीत नाही. ते तिचे आणि देवाचे आहे.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वादित करो.