चित्रकार आणि हलती अक्षरं

चित्रकलेची पदवी घेतलेल्यांना मोशन ग्राफिक्स, म्हणजे हलती अक्षरं आणि आकृत्या, परकं नाही. न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला सॉल बासही मुळात ग्राफिक डिझायनरच. १९५५ च्या 'द मॅन विथ द गोल्डन आर्म' या चित्रपटासाठी त्यानं काळ्या पडद्यावर पांढऱ्या पट्ट्या सरकवल्या आणि श्रेयनामावलीच त्याचा भाग झाली. आफ्टर इफेक्ट्ससारखं सॉफ्टवेअर सरावानं हाती येतं. रेखाटन, रंगसंगती, सुलेखन यांची नजर मुरायला मात्र वर्षं लागतात. माझ्या मते तीच तुमची खरी पुंजी. नव्यानं शिकायची ती वेळ: सेकंदाला २४ किंवा २५ चौकटी, त्यांत वस्तू कुठे वेग घेते, कुठे मंदावते. काम मागायला जाताना मिनिटभराची शोरील, म्हणजे निवडक कामाची चित्रफीत, पुरते. सर्वांत सरस काम सुरुवातीलाच ठेवा आणि त्यात तुमचा वाटा नेमका कोणता, ते स्पष्ट लिहा.